चेसिस बदलायची तर आधी अर्ज, मग ग्राइंडर

वाचकाचं पत्र

माझ्याकडे २००१ ची जिप्सी किंग आहे. पेट्रोल, सॉफ्ट टॉप, एमएच-११ पासिंग. पाटण तालुक्यात डोंगरात शेत आहे, पावसाळ्यात तिथवर दुसरी गाडी चढत नाही. खताची पोती, पाइप, चारा सगळं हिच्यातूनच नेतो. यंदा मागच्या डाव्या पाट्याचं (पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) शॅकल, म्हणजे झुलती कडी, बसते तिथं चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, फाटली आणि गाडी एका अंगाला बसली. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, मिलिटरीच्या लिलावातल्या जिप्सीची चेसिस ३५ हजारांत मिळते. बॉडी उचलून तिच्यावर ठेवू, जुन्या चेसिसवरचा नंबराचा तुकडा कापून नव्या चेसिसवर वेल्ड करू, वरून काळा रंग मारला की कुणाला पत्ता लागत नाही. मुलगा म्हणतो, असलं काही करू नका. २०२६ च्या नोव्हेंबरात आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण आहे. काय करावं? आणि एवढं सगळं उघडलंच आहे तर डिझेल इंजिन टाकून घ्यावं का?

— एक शेतकरी, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर

नमस्कार.

तुमचा मुलगा बरोबर सांगतोय, त्याचं ऐका. ती लिलावातली चेसिस घेऊ नका आणि नंबराच्या तुकड्याला ग्राइंडर लावू देऊ नका. गाडी वाचेल, आणि कायद्यात बसूनच वाचेल. जुनी चेसिस दुरुस्त होण्यासारखी असेल तर तिचीच दुरुस्ती करायची, नंबर जागच्या जागी ठेवून. नसेल तर नंबर न पाडलेली कोरी चेसिस घ्यायची, आणि तीही आरटीओची लेखी परवानगी हातात आल्यावर. यातलं कुठलं करायचं ते गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवून, चिखल धुऊन, हातोडीने वाजवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी नंबराचं बोलू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथं होतं. तुमची आरसी कोणत्या गाडीची आहे हे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर या दोनच गोष्टींवरून ठरतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५(५) प्रमाणे गाडीवरचा नंबर आरसीतल्या नंबराशी जुळत नसेल, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४) थेट मालकावर आहे: नियमाबाहेर गाडीत बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इथं 'मालक' म्हणजे तुम्ही. वेल्ड मारणारा मेकॅनिक नंतर कुठं असेल ते कुणी सांगावं. नंबराशी छेडछाड झाल्याचा संशय आला की प्रकरण आरटीओच्या टेबलावरून पोलीस ठाण्यात जातं, आणि गाडी तिथंच उभी राहते.

पत्ता लागत नाही, हेही खरं नाही. नूतनीकरणाच्या तपासणीत मोटार वाहन निरीक्षक नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतो. नंबराभोवतीचा रंग जरा खरवडला की वेल्डची चौकट उघडी पडते. बाहेरून घासून सपाट केली तरी रेलच्या, म्हणजे चेसिसच्या लांब उभ्या दांड्याच्या, आतल्या बाजूला उष्णतेचा डाग आणि वितळलेल्या धातूचे थेंब राहतात. लिलावातल्या चेसिसचा मूळ नंबर घासून काढला तरी तो पुरता जात नाही. पंच मारताना अंकाखालचं लोखंड दबून त्याची घडण बदललेली असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती जागा गुळगुळीत करून आम्ल लावलं की पुसलेले अंक पुन्हा दिसू लागतात. म्हणजे एकाच गाडीवर दोन नंबर सापडणार, आणि त्यातला एक तुमचा नाही. ती दुसरी गाडी कुणाची, कुठून सुटी झाली, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

विम्याचाही विचार करा. असल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि समोरच्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायला निघू शकते. ३५ हजार वाचवायला जाऊन शेत गहाण पडेल.

पूर्ण चेसिस खरंच लागते का?

बऱ्याच जिप्सी एका जागी फाटतात आणि बाकीची चेसिस चांगली असते. म्हणून पैसे मोजायच्या आधी एक दिवस तपासणीला द्या.

गाडी सपाट काँक्रीटवर घ्या. घोड्या चेसिसच्या रेलखाली लावा, अॅक्सलखाली नको. चाकं काढा, प्रेशर वॉशरने खालून धुवा, आणि रेलच्या भोकांतून पाणी आत मारा. जिप्सीची रेल पेटीसारखी बंद असते. चिखल आत शिरतो आणि सुकत नाही, त्यामुळे ती आतून कुजते. बाहेरून काळी कुळकुळीत दिसणारी रेल हातोडीने वाजवली की खणखणीत आवाजाच्या जागी भद्द आवाज येतो. मग तिथं जाड स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. आत गेला तर पत्रा संपला.

या जागा क्रमाने वाजवा: मागच्या अॅक्सलवर रेल कमानीसारखी वर उचलते तो भाग, पाट्याच्या पुढच्या टोकाचा ब्रॅकेट, शॅकलची नळी रेलमधून आरपार जाते ती जागा, सगळ्यात मागचा आडवा क्रॉस मेंबर, बॉडीचे रबर बसतात ते बाहेर आलेले हात, पुढच्या चाकांच्या मागचा भाग. स्टीअरिंग बॉक्स बसतो ती उजवी पुढची रेल स्वतंत्रपणे, वायर ब्रशने उघडी करून, उजेडात बघा. तिथं बोल्टच्या भोकापासून केसासारख्या बारीक चिरा निघतात. रॉकेलचा बोळा फिरवून पुसा आणि वर खडू चोळा. चीर असेल तर रॉकेल खडूवर रेघ काढतं.

मग माप. रेलवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, सुताने कर्ण मारा. दोन्ही कर्णांत पाच-सहा मिलिमीटरच्या आत फरक असेल तर चेसिस सरळ आहे असं धरायला हरकत नाही. पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर दोन्ही अंगांना मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आहे. एका बाजूला तो कमी भरला तर आधी पाट्याचा मधला बोल्ट तुटून अॅक्सल सरकलाय का ते बघा. पुष्कळदा दोष तिथंच निघतो आणि चेसिसला उगाच नावं ठेवली जातात.

कूज एका-दोन जागीच असेल, कर्ण जुळत असतील आणि नंबराभोवतीचा पत्रा शाबूत असेल, तर दुरुस्ती करा. तुम्ही लिहिलंय त्यावरून, एकाच शॅकलची जागा फाटली आहे, हीच वाट निघायची शक्यता जास्त वाटते. मूळ चेसिस, मूळ नंबर, मूळ मापं. आरसीतला एकही शब्द बदलत नाही. बिल आणि आधी-नंतरचे फोटो फाइलला लावून ठेवा, निरीक्षकाने विचारलं तर दाखवता येतात.

दुरुस्ती कशी करतात ते तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे उभं राहून करवून घेता येईल. कुजलेल्या पत्र्यावर नवी पट्टी चिकटवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. खालचा गंज चालूच राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत पट्टीच्या कडेला रेल पुन्हा तुटते. कुजलेलं सगळं कापून चमकणारं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं. शाबूत जागी व्हर्नियरने जाडी मोजायची आणि तेवढ्याच, फार तर अर्धा मिलिमीटर जास्त जाडीच्या माइल्ड स्टीलचा तुकडा घडवायचा. पाच मिलिमीटरची प्लेट ठोकणारे भेटतील. त्यांना थांबवा. रेल डोंगरात पिळवटते, जाड प्लेट पिळवटत नाही, आणि जिथं प्लेट संपते तिथं सगळा ताण येऊन नवी चीर पडते. त्याच कारणाने मजबुतीच्या प्लेटची टोकं सरळ उभी न कापता तिरकी, माशाच्या तोंडासारखी निमुळती कापतात.

वेल्डिंग सीओटू वायूचं, ०.८ मिमी तारेने. आधी सगळीकडे टाके (छोटे ठिपक्यांसारखे वेल्ड), मग दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे आलटून पालटून, मध्ये हात लावण्याइतकं गार होऊ देत. एका दमात लांब वेल्ड ओढला तर रेल ओढली जाते आणि मगाशी जुळलेले कर्ण चुकतात. शॅकलची नळी बसवताना उजव्या बाजूच्या नळीतून लांब सरळ सळई आरपार घालून दोन्ही नळ्या एका रेषेत आणा, मगच टाका मारा. हे चुकलं तर अॅक्सल तिरका बसेल, गाडी एका बाजूला ओढेल आणि टायर खाईल.

वेल्डिंगआधी बॅटरी काढा, इंजिनच्या ईसीएमचा (संगणकाचा) आणि अल्टरनेटरचा प्लग काढा. तुमचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे संगणकाने पेट्रोल फवारणारं, असेल तर हे चुकवून चालणार नाही. आणि पेट्रोलची टाकी खाली उतरवून अंगणाबाहेर ठेवा. टाकी मागे, फाटलेल्या जागेला लागूनच आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. 'ओलं फडकं टाकतो, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर काम तिथंच बंद करा.

चेसिस गेलीच असेल तर

दोन्ही रेल कमानीवर कुजल्या असतील, कर्ण बारा-पंधरा मिलिमीटरने चुकत असतील, किंवा जिथं नंबर आहे तीच जागा सडली असेल, तर पूर्ण चेसिस लागेल. तेव्हा कामाचा क्रम उलटा करायचा मोह टाळा. आधी बॉडी उचलून ठेवली आणि मग आरटीओत गेलात, तर निरीक्षकाला जुना नंबर जुन्या गाडीवर दिसणारच नाही, आणि तुमचं खरं असूनही सिद्ध करायला काही उरणार नाही.

पहिलं काम घरीच. आरसी काढा, जिप्सीवरचा नंबर शोधा. बहुतेक पुढच्या उजव्या चाकाच्या आसपास रेलवर असतो. वायर ब्रश हलक्या हाताने मारा, ग्राइंडर नको. पेन्सिलने छाप घ्या आणि एकेक अक्षर आरसीशी, तसंच सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसणाऱ्या नोंदीशी ताडून बघा. २००१ च्या आरसीची नोंद नंतर संगणकावर चढवताना अक्षरांची गल्लत झालेली बऱ्याचदा सापडते: शून्याचा ओ, एकाचा आय, आठचा बी. सतरा अंकी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे ती दिसली तर नोंद चुकली म्हणून समजा. ही दुरुस्ती आधी करून घ्या. चुकीच्या नोंदीवरून कोऱ्या चेसिसवर नंबर पाडला गेला तर ती गाठ सोडवता सोडवता नाकीनऊ येतील. इंजिन नंबरही असाच ताडा. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आरसीवर राहून गेला असेल तर तो उतरवा. कर्ज फिटलेलं असतं, बोजा मात्र वीस वर्षं तसाच असतो.

मग कोरी चेसिस. मारुतीच्या अधिकृत विक्रेत्याकडे आरसीची प्रत देऊन सुट्या भागांच्या विभागात लेखी कोटेशन मागा. त्यात पार्ट नंबर हवा आणि चेसिसवर नंबर पाडलेला नाही असा उल्लेख हवा. नागरी जिप्सीचं उत्पादन बंद झालंय, त्यामुळे चेसिस लगेच मिळेल असं धरू नका, आणि परवानगीआधी पूर्ण रक्कमही भरू नका. तुमची किंग आहे, तेव्हा ९७० सीसीच्या जुन्या ४१० ची चेसिस कुणी 'तीच आहे' म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. व्हीलबेस जुळला म्हणून इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट जुळत नाहीत. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतून चॅनेल वापरून नवी चेसिस बनवून घेण्याची सूचनाही येईल. तिथले कारागीर उत्तम आहेत, पण मूळ उत्पादकाची नसलेली चेसिस कायद्याच्या चौकटीत बसवणं तुम्हाला झेपणारं नाही. कलम ५२ चा गाभाच हा आहे की आरसीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होता कामा नये, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय.

अर्ज तुम्ही राहता तिथल्या कार्यालयात. पासिंग एमएच-११ असलं तरी पाटणकरांना कराडचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे एमएच-५० वालं. गाडीच्या नोंदी अजून साताऱ्याला असतील तर पत्ता बदलून घ्यायचा की साताऱ्यातूनच काम करायचं, हे पहिल्याच फेरीत विचारून घ्या, नाहीतर फाइल मधेच अडकते.

अर्जात गोलमाल भाषा नको. असं लिहा: गाडी क्रमांक अमुक, चेसिस गंजून मागची रेल तुटली आहे, दुरुस्ती शक्य नाही असा वर्कशॉपचा दाखला जोडला आहे, त्याच मॉडेलची उत्पादकाची कोरी चेसिस बसवण्यास आणि तिच्यावर मूळ चेसिस क्रमांक पुन्हा पाडण्यास कलम ५२ अन्वये परवानगी मिळावी, इंजिन, बॉडीचा प्रकार, आसनं आणि इंधन यांत बदल नाही. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पेन्सिलची छाप, तुटलेल्या जागेचे रंगीत फोटो, वर्कशॉपचा दाखला, विक्रेत्याचं कोटेशन. थकलेली ई-चलनं आधी भरून टाका. अर्ज आवक करून तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. असा अर्ज त्या टेबलावर रोज येत नाही, त्यामुळे 'करून टाका, नंतर बघू' असं तोंडी उत्तर मिळू शकतं. त्या भरवशावर बोल्ट सैल करू नका. लेखी परवानगी येईपर्यंत गाडी जशी आहे तशी ठेवा.

निरीक्षकाला जुनी चेसिस गाडीखाली असतानाच दाखवा. कोऱ्या चेसिसवर मूळ नंबर अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये, परवानगीत लिहिल्याप्रमाणे आणि निरीक्षक सांगेल त्या वेळी पाडायचा. रस्त्याकडेच्या पंच-सेटने अंक वाकडेतिकडे पडतात आणि खरा नंबरही खोटा दिसायला लागतो. निरीक्षकाने नंबरासोबत एखादी वेगळी खूण घालायला सांगितली तर ती आरसीवरही चढवून घ्या. जुन्या नंबराच्या तुकड्याचं काय करायचं हेही त्याच्याच लेखी सूचनेने. तोवर जुनी चेसिस भंगारवाल्याला देऊ नका.

बॉडी उचलण्यापासून घाटापर्यंत

मेकॅनिकल काम अवघड नाही, पण घाईत उरकलं तर त्रास देतं. दिवाळीनंतर हाती घ्या. पावसात रंग धरत नाही आणि उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर येतो.

बॉडीच्या बोल्टांना आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल पाजा. तरी दोन-तीन बोल्ट फिरत राहतील, कारण रेलमधला नट सुटलेला असतो. तिथं जोर न लावता डोकं कापा. हूड, सीटा, दारं, काच, बंपर उतरवून बॉडी हलकी करा. फरशी कुजलेली असेल तर उचलण्याआधी दारांच्या चौकटीत अँगलची आडवी टेकणं टाक्यांनी बसवा, नाहीतर बॉडी मधे वाकते आणि नंतर दारं लागत नाहीत. सोडायच्या गोष्टींची यादी कागदावर लिहून भिंतीला लावा: स्टीअरिंग कॉलमचा जोड, क्लच, अॅक्सिलरेटर, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरच्या केबली, मास्टर सिलिंडरचे ब्रेक पाइप, पेट्रोलचा जाणारा, परतणारा आणि वाफेचा असे तिन्ही पाइप, रेडिएटर-हीटरच्या होज, गिअर आणि फोर व्हीलच्या दांड्या, वायरिंगचे जोड, अर्थिंगच्या पट्ट्या. प्रत्येक जोडाचा फोटो आणि चिकटपट्टीवर नाव. मग आठ माणसं किंवा दोन चेन पुल्या. थोडंसं उचलून थांबा आणि खाली वाकून सगळीकडे बघा. एखादी विसरलेली वायर हमखास ताणलेली असते.

प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर सोडण्याआधी रंगाची खूण करा, नाहीतर उलटे बसून थरथर सुरू होईल. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा, रबराच्या माउंटवर बसतो. त्याचे रबर जुनेच ठेवले तर नव्या चेसिसवरही तोच घरघराट येईल.

हे नवं घ्याच: बॉडी माउंटच्या रबरांचा पूर्ण संच, पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना, सगळे यू-बोल्ट (एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही), इंजिन आणि ट्रान्सफर केसचे माउंट, ब्रेकच्या लवचीक होज, गंजलेले ब्रेक पाइप, ब्रेक ऑइल एक लिटर. बोल्ट ८.८ ग्रेडच्या खाली नकोत, डोक्यावर आकडा बघून घ्या.

कोऱ्या चेसिसला बसवण्याआधीच रंग. इपॉक्सी प्रायमर, वर टू-के (दोन घटक मिसळून लावायचा) काळा रंग, आणि पोकळीत भोकांतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स. पाणी निघायची भोकं रंगाने बुजू देऊ नका, अर्थिंगच्या जागा उघड्या ठेवा, आटे टॅपने साफ करा. नंबराच्या जागेवर नंबर पडून तपासणी होईपर्यंत काहीच लावू नका, आणि नंतरही जाड काळा रंग नको, पारदर्शक लॅकर पुरे. चेसिस गॅल्व्हनाइज करून घ्यावी असं कुणी सुचवलं तर थांबा. तो हौद साधारण ४५० अंशांचा असतो. बंद पेटीची रेल त्यात वाकू शकते, आणि नंबर आधीच पाडलेला असेल तर जस्त अंकांत भरून छाप येईनाशी होते.

जोडताना दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, शॅकल आणि पाट्याचे बोल्ट गाडी घोड्यांवर असतानाच आवळणं. मग गाडी खाली उतरली की बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं, गाडी उंच आणि ताठ बसते, आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट हातघट्ट ठेवा, चाकांवर वजन येऊ द्या, गाडी दोन-चारदा हलवा, मग शेवटचं आवळा. दुसरी, इंजिन-चेसिस-बॉडीमधली अर्थिंगची पट्टी विसरणं. स्टार्टर मारला की विद्युतप्रवाह दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटर किंवा हँडब्रेकच्या केबलीतून जातो. केबल तापून धूर निघतो आणि दोष मात्र स्टार्टरला दिला जातो.

ब्रेकची हवा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून काढत या. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत वळलेला कल, बघा, स्टीअरिंग मधोमध आणा. पण रस्त्यावर चाचणी आत्ता नाही. नंबर पडून आरटीओची तपासणी होईपर्यंत गाडी आवारातच फिरवा, आणि कार्यालयात न्यायची तर फ्लॅटबेडवर. काम पूर्ण झाल्याचं १४ दिवसांच्या आत कळवा, तपासणी द्या, आरसीवर नोंद करून घ्या, आणि नोंद झालेल्या आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर शेरा घ्या. त्यानंतर आधी पाटण-कराड रस्त्याला चाळीसच्या वेगाने, मग कुंभार्ली घाटाला. घाटातून आल्यावर हात लावून चारही ड्रम-डिस्क सारखे तापलेत का बघा. यू-बोल्ट आणि बॉडीचे बोल्ट १०० किलोमीटरवर एकदा, ५०० वर परत आवळा.

नूतनीकरणाचं गणित असं: फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबरपासून. तोवर चेसिसची नोंद आरसीवर झालेली हवी. त्याच तपासणीत दोन्ही विषय एकदम मिटवायला जाऊ नका. वीस वर्षांवरच्या हलक्या खासगी वाहनाचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालंय. त्याशिवाय पर्यावरण कर, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर तीही लागेल.

चेसिस एवढी का कुजली, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पाटणचा पाऊस आहेच, पण खताची पोती त्याहून वाईट. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे फरशीच्या फटीतून रेलवर पडतात, ओलावा धरून ठेवतात आणि लोखंड खातात. मागच्या भागात जाड ताडपत्री किंवा रबरी चटई टाका आणि खत वाहिल्यावर त्याच दिवशी खालून धुवा. गोठ्याच्या ओल्या जमिनीवर गाडी उभी करत असाल तर जागा बदला. दसऱ्याच्या सुमारास, चिखल संपला की रेलच्या आतून पाणी मारून, चार दिवस उन्हात वाळवून पुन्हा वॅक्स मारा.

आणि डिझेल इंजिन: नको. जिप्सी पेट्रोलवरच मंजूर झालेली गाडी आहे. इंधन बदललं की आरसीतला तपशील उत्पादकाच्या तपशिलापासून दूर जातो, आणि चेसिसच्या परवानगीचा सरळ अर्ज त्यात अडकून पडेल. जड इंजिनाने पुढचे पाटे बसतील आणि स्टीअरिंग बॉक्सजवळच्या रेलवर ताण वाढेल, जिथं मुळातच चिरा पडतात. तो पैसा पाटे, ब्रेक आणि चार चांगल्या टायरांवर घाला.